त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी फेरीला 12 दिवस राहिलेत, आता चालायला सुरुवात करून स्नायूंमध्ये खरंच काही फरक पडतो का? आणि खायचं काय?

पडतो. शंभर टक्के पडतो. एवढं ठासून सांगतेय कारण याच प्रश्नावरून आमच्या घरात चार वर्षं वाद चालू आहे.

मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी., नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. पहिल्यांदा तिसऱ्या श्रावण सोमवारच्या फेरीला गेले ती काहीही तयारी न करता, कुशावर्तावर आंघोळ करून रात्री निघालो, छोटी फेरी म्हणजे 20 किलोमीटरच्या आसपास, निम्म्यात माझ्या पोटऱ्या अशा भरून आल्या की मी चिखलातच बसले, आणि नवऱ्याने कुणाची तरी जीप मिळवून मला परत आणलं. माझे दीर शाळेत असताना धावायचे. त्यांनी हा किस्सा त्या वर्षी गणपतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितला.

पुढच्या वर्षी बरोबर 12 दिवस आधी सुरुवात केली. फर्स्ट शिफ्ट होती म्हणून संध्याकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर दीड तास झपाझप चालायचे आणि एक दिवसाआड पांडवलेणीच्या पायऱ्या. दीर म्हणाले, "वहिनी, शरीर घडायला तीन महिने लागतात, आठ-दहा दिवसांत नुसतं मनाचं समाधान होतं." नवव्या दिवशी वजन केलं तर 800 ग्रॅम जास्त भरलं. मग तर काय, "बघा, उलट वजन वाढलं, पुस्तकातलं वेगळं असतं." ते पुस्तकातलं वेगळं असतं हे वाक्य मला फार लागलं, कारण त्याच पुस्तकात या वजनाचं उत्तर आहे. व्यायाम सुरू केला की पहिल्या दोन-तीन दिवसांतच रक्तातला प्लाझ्मा म्हणजे पातळ भाग वाढतो, स्नायू ग्लायकोजेन म्हणजे साखरेचा साठा जास्त करायला लागतो, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. म्हणजे ते 800 ग्रॅम चरबीचे नव्हते, माझ्या शिदोरीचे होते.

आता स्नायूच्या आत काय होतं ते. त्याच वेगाने चालायला एटीपी, म्हणजे स्नायूचं इंधन, आधीइतकंच लागतं, ते काही कमी होत नाही. पण सवय नसलेल्या स्नायूत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जा बनवणारे कारखाने) ऑक्सिजन वापरायला जरा उशिरा लागतात, तोवर क्रिएटिन फॉस्फेट हा झटपट ऊर्जेचा साठा संपत जातो, एटीपी वापरल्यावर उरणारं एडीपी आणि फॉस्फेट साठतं, आणि हाच इशारा घेऊन ग्लायकोजेन फोडणारी एन्झाइम्स सुसाट सुटतात. साठा लवकर उडतो, साखर घाईने फोडताना तयार होणारं लॅक्टेट वाढतं, दम लागतो. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात हॉवर्ड ग्रीन यांच्या गटाने लोकांना 10-12 दिवस रोज दोन तास सायकल मारायला लावली आणि मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. तेवढ्यात क्रिएटिन फॉस्फेट कमी संपायला लागलं, लॅक्टेट कमी, ग्लायकोजेन जास्त शिल्लक, आणि मुख्य म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या एन्झाइम्समध्ये मोजण्याइतकी वाढ व्हायच्या आधीच हे सगळं झालं होतं. तीन महिने लागतात ते मोठ्या बदलांना, नवीन केशवाहिन्या वगैरे, तिथे दीर बरोबर आहेत. पण पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही हे साफ चूक आहे.

माझ्यापुरता पुरावा म्हणजे घड्याळ. ट्रॅकवर तेवढ्याच वेळात तेवढ्याच फेऱ्या, पहिल्या दिवशी हृदयाचे ठोके मिनिटाला 148, दहाव्या दिवशी 134. रोज कागदावर लिहून ठेवत होते. त्या वर्षी फेरी पूर्ण केली, चालत, एकदाही न बसता. दीर म्हणाले यंदा पाऊस कमी होता.

तुम्ही आजपासून रोज तासभर तरी चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांतच एकदा चांगला उतार उतरा, कारण दुसऱ्या दिवशी जे पाय दुखतात ते लॅक्टेटने नाही (ते तास-दीड तासात निघून जातं), उतरताना स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते त्याने, आणि एकदा दुखून बरं झालं की पुढच्या वेळी खूप कमी दुखतं. शेवटचे दोन दिवस आराम. आणि वजनकाट्यावर उभंच राहू नका. कुणी तुमच्या आठ दिवसांच्या मेहनतीला मनाचं समाधान म्हणालं तर त्याच्यासमोर नाडी मोजा.

खाण्याचं राहिलंच, आदल्या दिवशी भात-पोळी नेहमीपेक्षा जास्त खा, सोमवारचा उपास असेल तर सोबत राजगिऱ्याचे लाडू आणि केळी ठेवा.

हां, एक सांगायला हवं, गुडघ्याचे स्नायुबंध आणि तळपायाची कातडी 12 दिवसांत तयार होत नाही, त्यामुळे अनवाणी जायचा हट्ट पहिल्या वर्षी नको. आणि डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण चालताना स्नायू साखर जास्त ओढतात आणि शुगर एकदम खाली जाऊ शकते.

भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर तो ठोक्यांचा कागद अजून माझ्या कपाटात आहे. यंदा तुम्हीही 12 दिवस चाला, तुमचे आकडे त्याच कागदावर शेजारी लिहू.