लॅटिनो समलिंगी नाटककाराचं नाटक मराठीत आणलं तर आपला ‘कौटुंबिक प्रेक्षक’ ते बघेल का? सुरुवात कुणापासून करू?

‘कौटुंबिक प्रेक्षक’ हे शब्द वाचले आणि म्हटलं, आता उत्तर द्यायलाच हवं. याच शब्दांवरून माझं आणि माझ्या साडूचं सहा वर्षं धड बोलणं नाही.

मी शिकागोजवळच्या उपनगरात राहतो. शहरात पिल्सन नावाचा भाग आहे, मूळचा झेक लोकांचा, आता कित्येक वर्षं मेक्सिकन लोकांचा. तिथे दुकानाच्या गाळ्यात थाटलेल्या एका चाळीस खुर्च्यांच्या थिएटरात मी शनिवारी खुर्च्या मांडायला, लाइट ओढायला जायचो. कॉलेजात पुरुषोत्तमला बॅकस्टेज केलेल्या माणसाची ही खाज जात नाही. एकदा एका पंचविशीतल्या मेक्सिकन-अमेरिकन पोराच्या पहिल्याच नाटकाचं वाचन होतं. नट स्टँडवर संहिता ठेवून वाचतात आणि रंगसूचना वाचायला वेगळा माणूस असतो. तो बर्फात अडकला. मला उभं केलं.

नाटक म्हणजे एक स्वयंपाकघर आणि एक रविवार. मुलगा ‘मित्रा’ला घेऊन घरी जेवायला येतो. आईला सगळं उमगलेलं असतं, पण ती विचारते फक्त तिखट चालेल का. सुरुवातीला ती मुलाला वाक्यावाक्याला ‘मिहो’ म्हणते, म्हणजे ‘माझ्या लेकरा’. मग हळूहळू म्हणेनाशी होते, त्याला पूर्ण नावाने हाक मारायला लागते. बस, एवढंच नाटक. शेवटाकडे एक रंगसूचना होती: ती ‘मिहो’ म्हणायला तोंड उघडते आणि म्हणत नाही. आता स्पॅनिशमध्ये ‘जे’चा उच्चार ‘ह’ होतो हे मला कुठलं ठाऊक! नटांचं ऐकत होतो, पण कागदावरचा शब्द तोच हे डोक्यात आलं नाही. मी खणखणीत ‘मिजो’ वाचलं.

दुसऱ्या रांगेतून एक बाई ओरडल्या, “मिहो!”

सगळे हसले. मग लेखकाने संहितेमागे तोंड लपवलेलं लोकांना दिसलं आणि हसू एकदम थांबलं. त्या त्याच्या आई होत्या. नाटकातल्या आईच्या तोंडून जे निघत नव्हतं ते या बाई भर थिएटरात बोलून बसल्या होत्या. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन तीनदा ‘मिहो’ म्हणवून घेतलं आणि घरी न्यायला चार तमाले दिले.

मी पेटलो. त्याच बेताची एकांकिका मराठीत लिहिली. रविवार, मटण, आई ‘बाळ्या’ म्हणायची थांबते. मंडळाच्या दिवाळीसाठी दिली. साडू तेव्हा कार्यकारिणीत. म्हणाला, “लिहिलंयस छान, पण आपला कार्यक्रम कौटुंबिक असतो. आज्या येतात, लहान मुलं असतात.” त्याच दिवाळीला हा गृहस्थ नऊवारी नेसून, गजरा माळून विनोदी प्रवेशात नाचला आणि त्याच आज्यांनी वन्स मोअर दिला. लुगड्यातला पुरुष हसवत असेल तोवर कौटुंबिक; तोच रडायला लागला की लहान मुलं आठवतात.

अहो, आई, स्वयंपाकघर, भावाचं लग्न, देवघर, लोक काय म्हणतील, याहून कौटुंबिक नाटक आणखी कसलं असतं? आणि आपल्याला हे नवीन आहे असंही नाही. समलिंगी मुलीवरचं तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१चं. चेतन दातारच्या ‘एक माधवबाग’मध्ये तर आई मुलाची डायरी वाचते. साडूला हे तेव्हाच ऐकवायला हवं होतं. सुचलं पार्किंगमध्ये.

बरं, वाचायचं काय. मारिया इरेने फोर्नेसपासून सुरू करा. हवानात जन्म, १९४५ साली पंधराव्या वर्षी न्यूयॉर्कला आली. स्वतः समलिंगी. लिहायला बसली तेव्हा काही सुचेना, म्हणून पाककृतींचं पुस्तक उघडून त्यातल्या ओळींचे पहिले शब्द उचलले आणि त्यावरून गोष्ट रचली, असा तिचा किस्सा आहे. १९८१पासून न्यूयॉर्कच्या इन्तार थिएटरात तिने लॅटिनो लेखकांची कार्यशाळा चालवली. आधी योगासनं, मग डोळे मिटून पात्र बघायचं, मग लेखणी. तिथून शेरी मोरागा आली, निलो क्रूझ आला. क्रूझला २००३मध्ये नाटकाचं पुलित्झर मिळालं, लॅटिनो नाटककाराला पहिल्यांदाच. पण तुमच्या कामाला खरा सोपा लुइस अल्फारो. लॉस एंजेलिसच्या पिको-युनियनमध्ये वाढलेला. त्याने ग्रीक शोकांतिकांतले इलेक्ट्रा, इडिपस, मिडिआ सगळे चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, वस्तीत आणून बसवले. मूळ गोष्ट आपल्या प्रेक्षकाला थोडीफार माहीत असते, त्यामुळे अर्धं काम झालेलं असतं. मॅथ्यू लोपेझने ‘द इन्हेरिटन्स’साठी २०२१ला सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी पुरस्कार मिळवला, पण दोन भाग, जवळजवळ सात तास, आणि मध्यभागी मॅनहॅटनचे गोरे लोक. मला ते लांबलेलं वाटलं. सुरुवात तिथून नको.

भाषेचं म्हणाल तर स्पॅनिश ओळी जशाच्या तशा ठेवून रंग आणायला जाऊ नका. तिथली आई स्पॅनिशमध्ये विचारते आणि मुलगा इंग्रजीत उत्तर देतो. हे माझ्या घरात रोज रात्री जेवताना चालतं, फक्त स्पॅनिशच्या जागी मराठी. आधी त्या आईची मुलाला मारायची हाक शोधा. ती सापडली नाही तर नाटक हातात घेऊ नका.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: लेखकाची लेखी परवानगी घ्या. नवोदित असला तरी हक्क बहुधा एजंटमार्फतच मिळतात आणि वेळ लागतो. महाराष्ट्रात प्रयोग करणार असाल तर संहिता सेन्सॉरला, म्हणजे परिनिरीक्षण मंडळाला, द्यावी लागेल. प्रेक्षक येईल का, हे मी कसं सांगू? माझी एकांकिका अजून फाइलमध्येच आहे.

तुमचं भाषांतर झालं की मला पाठवा. दिवाळीत साडू जेवायला येणार आहे, बायकोने परस्पर ठरवलंय. रंगसूचना त्याच्याकडून वाचून घेतो.