पहिली ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) घेतोयस? आधी बॅटरी बघ

अरे नुसत्या रेंजच्या आकड्याला भुलू नकोस, आधी बॅटरी कुठली ते विचार. चिनी कंपनी बीवायडीची ब्लेड बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे, टेस्लानेपण काही बेसिक मॉडेल्सना एलएफपीच वापरलीय, वजनाच्या मानाने रेंज थोडी कमी पण स्वस्त पडते, जास्त वर्षं टिकते आणि १०० टक्के चार्ज केली तरी चालतं, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दुसऱ्या प्रकाराला मात्र रोजच्या वापरात ८० टक्क्यांच्या आसपास थांबलेलं बरं. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही६ ८०० व्होल्टवाल्या, म्हणजे झटपट चार्ज होणाऱ्या, ३५० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के साधारण १८ मिनिटांत, पण तसा चार्जर तुझ्या वाटेवरच नसेल तर त्याचे जादा पैसे कशाला द्यायचे? स्क्रीन, सनरूफ नंतर. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती टक्के क्षमतेपर्यंत, हे मात्र लेखी घेच.