दांडा आपोआप वर येतो, पंप फेकू का?

या महिन्यात सायकलच्या सदराला आलेली पत्रं जवळजवळ सगळी पंपाचीच. पाऊस संपला की हे व्हायचंच म्हणा, चार महिने पंप जिन्याखाली ओल खात पडलेला असतो आणि मग एका रविवारी सगळ्यांना एकदम आठवतो.

प्रश्न : गेजवाला उभा पंप तीन वर्षांपूर्वी घेतला. आता दोनचार दाब मारले की हात काढताच दांडा आपोआप वर येतो, पार टोकापर्यंत. हवा भरते, पण जोर फार लागतो. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. — एक वाचक, नाशिक

दुकानदाराचं काय जातंय म्हणायला! फेकू नका. तुमचा पंप बहुतेक ठणठणीत आहे, फक्त त्याच्या बुडाशी नळी जिथे जोडलेली असते तिथला एकतर्फी व्हॉल्व्ह गळतोय. तो हवा नळीत जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. तो नीट बसला नाही की नळीतली दाबलेली हवा उलटी नळकांड्यात शिरते आणि दांड्याला खालून ढकलते. आणि तुमच्या सायकलला मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर पंपाचं तोंड मधली पिन दाबून धरत असतं, म्हणजे नळीतलीच नाही तर अख्ख्या टायरची हवा मागे यायला मोकळी, म्हणून इतका झोकात वर येतो.

तोंड टायरवरून काढा (हे आधी, नाहीतर सगळं तुमच्या चेहऱ्यावर उडेल), बुडाजवळचा नळीचा नट पान्याने सोडवा. आत एक छोटा छर्रा आणि स्प्रिंग असते किंवा नुसती रबराची टोपी असते, कंपनीवर आहे. खाली पांढरा कपडा अंथरून उघडा कारण ती स्प्रिंग एकदा फरशीवर गेली की कपाटाखालीच सापडते. माझ्या पंपात काय निघालं माहितीये? नळीच्याच आतल्या बाजूचा सुटलेला रबराचा कण, मोहरीएवढा काळा. तो छर्र्याच्या बैठकीवर अडकून बसला होता आणि मी आठ दिवस पंपाला शिव्या घालत होतो. कापसाच्या काडीने बैठक पुसायची, रबर चिरलं असेल तर बदलायचं, परत बसवायचं. चहा गार व्हायच्या आत होतं.

एक चाचणी सगळ्यांनीच करून ठेवा. टायर भरून झाला की तोंड तसंच लावून ठेवायचं आणि काट्याकडे बघायचं. काटा उतरतोय आणि दांडा चढतोय, तर बुडाचा व्हॉल्व्ह. काटा उतरतोय, दांडा गप्प आहे पण टायरपाशी फुसफुस ऐकू येतेय, तर तोंडातलं रबर झिजलंय, ते उलटं करून बसवलं तर बऱ्याचदा अजून वर्षभर निघतं. फुसफुसही ऐकू येत नसेल तर नळीवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे पत्ता सांगतील.

प्रश्न : दांडा लोण्यात सुरी जावी तसा खाली जातो, हवा काहीच जात नाही. — एक वाचक, सातारा

वायसर गेलाय. किंवा गेला नसेल, नुसता वाळला असेल. वरचं झाकण फिरवून दांडा बाहेर ओढा, टोकाला वाटीसारखा वायसर दिसेल. चामड्याचा असेल तर बोटांनी कडा हळूहळू बाहेर पसरवा, शिवणयंत्राचं तेल चांगलं मुरवा आणि रात्रभर ठेवा. वाटीचं तोंड खालच्या बाजूला हवं, कारण दाबलेली हवाच त्या कडा नळकांड्याला चिकटवते. उलटा बसवलात तर कितीही तेल पाजा, फुस्स. रबराचा असेल तर तेल नको, तेलाने काही रबरं फुगतात, सिलिकॉन ग्रीस लावा.

आणि खोबरेल घालायची सवय असेल तर सोडा! आमच्याकडे आजोबांपासून खोबरेलच चालायचं, मुंबईत खपून जातं, पण डिसेंबरात सकाळी साताऱ्यात बाटलीतलं खोबरेल जसं थिजतं तसंच ते पंपातही थिजतं आणि मग वायसर अडकला की काय म्हणून लोक पंप उघडत बसतात.

प्रश्न : माझं वजन ४८ किलो. हायब्रिड सायकलचे टायर ७०० बाय २८. घरातल्या पंपाने ६० पीएसआयपर्यंत (हे हवेच्या दाबाचं माप) जातं, पुढे दांड्यावर लटकले तरी हलत नाही. माझ्यात ताकद कमी की पंपात खोट? आणि नवीन घ्यायचा तर कुठला? — एक वाचक, पुणे

दोन्ही नाही. नळकांडं जाड आहे. हे कुणी दुकानात सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. दांड्यावर किती वजन टाकावं लागेल हे हवेच्या दाबावर आणि नळकांड्याच्या आतल्या रुंदीवर ठरतं. आतून ३८ मिमी असेल तर ६० पीएसआयला बरोब्बर ४८ किलोच्या आसपास जोर लागतो, म्हणजे तुम्ही अक्षरशः पंपावर उभ्या राहिलात तरी काटा तिथेच थांबणार, ८० करायला ६४ किलोचा माणूस लागेल. तेच ३० मिमीचं नळकांडं घ्या, ८० ला ४० किलो पुरतात. त्याची किंमत अशी की एका दाबात हवा कमी जाते, जाड पंप त्याच्या दीडपटीहून जास्त टाकतो. म्हणून एमटीबीच्या (डोंगरवाटांच्या सायकलच्या) रुंद टायरला जाड पंप मस्त आणि तुमच्यासारख्या बारीक टायरला उंच सडपातळ. खोक्यावर '१६० पीएसआय' छापलेलं असतं ते पंप फुटत नाही इतकंच सांगतं, तुम्ही तिथवर पोचाल असं नाही. तसंही तुमच्या वजनाला २८ मिमी रुंदीच्या टायरमध्ये ८० लागत नाही, ६५ ते ७० ठेवून बघा, टायरच्या बाजूला छापलेला जास्तीत जास्त आकडा तेवढा ओलांडू नका.

घेताना गेज किती मोठं हे बघू नका, ते सगळे बघतात. मी दुकानात पहिला प्रश्न विचारतो, याचा वायसर आणि तोंडाचं रबर सुटं मिळतं का. दुकानदार गोंधळला तर मी दुसरा पंप बघतो. जर्मन एसकेएस कंपनीचा रेनकोम्प्रेसर पंप लोक इतकी वर्षं वापरतात, त्याचं कारणच हे की त्याचं तोंड, वायसर, गेज सगळं सुटं येतं; महाग आहे, घ्यायलाच पाहिजे असं मुळीच नाही. बाकी पाया लोखंडी किंवा निदान रुंद, नाहीतर जोर लावला की पंप डुलतो आणि तुम्हीही. नळी इतकी लांब की सायकल स्टँडवर असताना व्हॉल्व्ह वर असला तरी पोचेल. तोंड व्हॉल्व्हवर पकडून ठेवणारी खटका-पट्टी प्लॅस्टिकची असेल तर दुकानातच चारपाच वेळा उघडबंद करा, लाजू नका. दाबताना नळकांड्याचं बूड गरम होतं त्याला घाबरू नका, हवा दाबली की तापतेच.

प्रश्न : वडिलांची जुनी काळी सायकल नीट करून घेतली. नव्या पंपाचा काटा ९० दाखवतो आणि टायर मात्र हाताला मऊ. गेज खराब आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

गेज बरोबर आहे, ते टायरचं नाही, नळीचं सांगतंय. काळ्या सायकलींचा जुना वाल (म्हणजे व्हॉल्व्हच) पिनवाला नसतो, आतल्या दांडीवर रबराची बारीक वालट्यूब चढवलेली असते आणि हवेला ती ट्यूब फुगवून वाट काढावी लागते. तेवढा जास्तीचा दाब काट्यावर दिसतो, टायरमध्ये जात नाही. त्यातून वालट्यूब जुनी होऊन दांडीला चिकटली असेल तर दाब नळीतच कोंडतो, तुमचं तेच झालंय असं वाटतं. वरची चकती सोडवून दांडी बाहेर काढा, जुनी ट्यूब नखाने सोलून टाका, इंचभर नवीन कापून थुंकी लावून चढवा (पंक्चरवाला असंच करतो), बाजूचं भोक पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. पंपाच्या तोंडाला दोन भोकं असतील तर बारीक व्हॉल्व्हच्या भोकात हा वाल बहुतेक वेळा बसतो. या सायकलला काटा विसरा, अंगठ्याने दाबून बघा, आणि वालट्यूबचा एक तुकडा घंटीच्या वाटीत ठेवून द्या, वडीलही तिथेच ठेवत असतील.