जुन्या कॅटलिना २२ ला रोलर फर्लर बसवावा का?

ट्रेलरवरून नेण्याच्या जुन्या कॅटलिना २२ या छोट्या शिडाच्या बोटीसाठी रोलर फर्लर (पुढचे शीड त्याच्याच कडेभोवती गुंडाळणारी यंत्रणा) आणि नवे जेनोआ शीड (पुढचे मोठे शीड) घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, त्याआधी डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा आणि त्या तारा ताणणारे आट्यांचे टर्नबकल बदलावेत. ही बोट १९६९ मध्ये बनू लागली, आणि जुन्या बोटीच्या तारा शेवटच्या कधी बदलल्या, हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही.

अटलांटाच्या उत्तरेला लेक लॅनियरवर एका मित्राची आणि माझी भागीदारीत अशीच बोट होती. टर्नबकलखाली दोन्ही दिशांना वळणारे टॉगल, म्हणजे छोटे सांधे, बसवावेत, असे मी पहिल्यापासून म्हणत होतो. त्याला मात्र फर्लर हवा होता, आणि पैसे फर्लरवर गेले. फर्लरच्या ॲल्युमिनियमच्या लांब नळीमुळे डोलकाठी उभी करणे जड झाले. मागे आडवी ठेवलेली काठी वर येताना बाजूच्या तारा ताणल्या जातात, आणि त्या वेळी डेकवर आडवा पडलेला टर्नबकल सरळ न होता अडकला, तर त्याचा आट्यांचा दांडा वाकतो. तो हाताने सरळ करून पुन्हा वापरला की पोलादाला त्याच जागी चीर पडू लागते, आणि ती नट फिरवून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

एका दुपारी, वादळापूर्वीच्या वाऱ्याच्या झोतात, वाऱ्याच्या बाजूच्या वरच्या तारेचा असाच सरळ केलेला दांडा तुटला. मी तत्काळ सुकाणू लोटून बोट दुसऱ्या अंगावर घेतली, त्यामुळे भार शाबूत तारांवर गेला आणि डोलकाठी वाचली. मित्र आजही म्हणतो की दांड्याचे पोलादच निकृष्ट होते. ते मला मान्य नाही: तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग जुना, तपकिरी डाग पडलेला होता आणि उरलेलाच ताजा चकाकत होता. चीर आधीपासून होती आणि ती काठी उभारतानाच पडली होती. टॉगल असते तर दांडा वाकलाच नसता.

म्हणून टॉगल आधी बसवावेत, आणि काठी वर जाताना एका माणसाने केवळ टर्नबकलांवर नजर ठेवावी. एकोणीस पदरी तारेचा एक पदर जरी तुटलेला आढळला तरी ती तार टाकून द्यावी. ट्रेलरवरच्या बोटीत तार तिच्या टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या नळीच्या तोंडाशी वारंवार वाकते, म्हणून तपासणी तिथून सुरू करावी. पुढच्या शिडासाठी पुढच्या तारेला हुकांनी अडकवायचे साधे शीड आणि ते कॉकपिटमधून खाली ओढण्याची दोरी पुरेशी आहे. आपली बोट हंगामभर मरिनातच (बोटींच्या धक्क्यावर), काठी उभी ठेवून राहणार असेल, तर मात्र फर्लर खरोखर सोयीचा आहे. बोटीची कील (तळाखालचे जड पाते) झुलती असल्यास तिला उचलणारी तारही याच खर्चात बदलून घ्यावी, आणि काठी उभारण्यापूर्वी बोट पाण्यात उतरवण्याच्या रॅम्पवरून विजेच्या तारा जात नाहीत ना, हे प्रत्येक वेळी पाहावे.