डिस्प्लेवरचा आकडा आयनांचा नसतो

थंड आयनांच्या (विद्युतभार असलेल्या रेणूंच्या) अवरक्त वर्णपटाबद्दल येणाऱ्या पत्रांत तोच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

कॉलेजातल्या एफटीआयआरवर (नमुन्याने किती अवरक्त प्रकाश शोषला ते मोजणाऱ्या यंत्रावर) सुट्या आयनांचा वर्णपट का निघत नाही?

आयन फार थोडे असतात म्हणून. त्यांना विद्युतक्षेत्राने धरून ठेवणाऱ्या सापळ्यात काही हजार, फार तर लाखभर. त्यांनी किती प्रकाश शोषला हे कळत नाही, म्हणून आयनाला चिकटवलेला हीलियम लेसर लागल्यावर सुटला का, ते मोजतात.

मग तो वर्णपट हीलियमवाल्या आयनाचाच झाला ना?

शंका रास्त आहे. हीलियम हलकेच धरून असतो, पट्टे थोडेच सरकतात. आर्गॉन बरेच ओढतो. १९९४ मध्ये फोइंग आणि एहरेनफ्रॉइंड या खगोलशास्त्रज्ञांना ताऱ्यांच्या प्रकाशात ९५७७ व ९६३२ अँगस्ट्रॉमला दोन पट्टे सापडले. साठ कार्बनच्या फुलरीन या चेंडूसारख्या रेणूच्या आयनाचे असावेत असा अंदाज होता, पण प्रयोगशाळेतली मोजणी गोठलेल्या निऑनमधली, म्हणजे सरकलेली. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जॉन मायर यांच्या गटाने त्याच आयनाला हीलियम चिकटवून ६ केल्विनच्या आसपास वर्णपट घेतला, तेव्हा ओळख पटली. तुम्हीही आधी एक हीलियम, मग दोन, असे मोजा आणि शून्याला काय येईल ते काढा.

कोल्ड हेड (सापळा थंड करणारे यंत्र) विकणाऱ्या एजंटने ‘४ केल्विन’ लिहून दिले आहे. प्रबंधात आयनांचे तापमान तेच लिहू का?

मुळीच नाही. हा आकडा वाचला की मला राहवत नाही. एजंटचे ४ केल्विन म्हणजे रिकाम्या कोल्ड हेडचे. त्यावर सापळा, तारा, खोलीच्या तापमानाची उष्णता येऊ देणारी भोके आली की आकडा चढतो. आणि तापमान मोजणारा डायोड, ज्याचा आकडा डिस्प्लेवर दिसतो, सापळ्याच्या भिंतीचे तापमान सांगतो, आयनांचे नाही. आयनांना हीलियमचा झोत थंड करतो, पण रेडिओ-लहरींचे क्षेत्र त्यांना हलवत असते आणि प्रत्येक धडकेत त्या हालचालीतली थोडी उष्णता होते. डीटर गेर्लिख यांनी २२ सळ्यांचा सापळा याचसाठी रूढ केला. त्याच्या मध्यभागी क्षेत्र जवळजवळ नसते. चार सळ्यांच्या सापळ्यात ही सोय नाही. आमच्याकडे डायोड ४.३ दाखवत होता, रेषा मोजल्यावर आयन १४ केल्विनला निघाले. खरे तापमान वर्णपटातल्या रेषेच्या रुंदीवरूनच काढा; आयन जितके गरम, तितके वेगाने हलतात आणि रेषा तितकी रुंद होते. वस्तुमान २० असलेल्या आयनाची ३००० प्रति सेंटिमीटरजवळची रेषा १० केल्विनला साधारण ४५ मेगाहर्ट्झ रुंद असते. लेसरची रुंदी वजा करून ८० उरली, तर तुमचे आयन ३० केल्विनच्या वर आहेत. हे टॅग (चिकटवलेला हीलियम) न लावलेल्या आयनावर करावे लागते, म्हणून आधी मार्गदर्शकांशी बोलून घ्या.

सॉफ्टवेअरने काढलेला वर्णपट जुळला. रेणू ओळखला असे म्हणू?

नका म्हणू. गुणक लावून सरकवलेले पट्टे दोन-तीन समघटकांशीही (तेच अणू, पण वेगळी रचना असलेल्या रेणूंशीही) जुळतात. असे वर्णपट रोज वाचणाऱ्याला दाखवा.

लेसर दिसत नाही, तरी गॉगल हवा?

हवाच. कुठला, ते लेसर-सुरक्षा अधिकाऱ्याला तरंगलांबी सांगून विचारा.

चार महिने हीलियमऐवजी पाणीच चिकटते. अजून पंप चालू ठेवून वाट पाहू?

चार महिने फार झाले. गॅसची नळी गळत असेल किंवा आतले पाणी घालवण्यासाठी नीट तापवलेली नसेल. उद्याच लीक डिटेक्टर लावा, नळी द्रव नायट्रोजनच्या सापळ्यातून न्या, आणि निर्वात यंत्रणा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला बोलावल्याशिवाय एकही फ्लँज (नळ्या जोडणारी बोल्टची चकती) उघडू नका.