फाशी दिली, फाशी दिले की फाशी झाली?

एका शिक्षिकेने विचारले आहे. शाळेत २६/११च्या स्मृतिदिनासाठी तुकाराम ओंबळे यांच्यावर फलक तयार होतो आहे. विद्यार्थ्याने लिहिले, ‘ओंबळे यांच्या मारेकऱ्याला २०१० साली फाशी झाली.’ एका सहकाऱ्याने ते खोडून ‘२०१२ साली फाशी दिले’ असे केले. दुसऱ्याने ‘दिले’चे ‘दिली’ केले आणि वर ‘हा शब्दच फारसी आहे, मृत्युदंड लिहा’ अशी सूचना केली. यातले बरोबर काय?

आधी सूचनेचे पाहू. फाशी फारसी नाही. फारसी ‘फाश’ म्हणजे उघड. तो आपल्या ‘पर्दाफाश’मध्ये बसला आहे आणि त्याचा गळ्याशी काही संबंध नाही. आपला फास संस्कृत ‘पाश’पासून आला. प चा फ होणे मराठीला नवे नाही: पनसाचा फणस झाला, प्रस्तराचा पत्थर आणि मग फत्तर झाला, परशूची फरशी झाली. (घरातली फरशी वेगळी, ती अरबी ‘फर्श’वरून आलेली.) गंमत म्हणजे मूळचा पाशही मराठीत टिकला, पण भावनांच्या प्रांतात. मोहपाश, मायापाश, बाहुपाश म्हणतो. मोहफास कोणी म्हणत नाही. दोर आणि गाठ मात्र फासाच्या वाट्याला आली. फासेपारध्यांच्या फाशात पक्षी सापडतो तो सरकगाठीमुळे. निरगाठ जागची हलत नाही, सुरगाठ टोक ओढले की सुटते, सरकगाठ मात्र अडकलेला जीव ओढील तितकी आवळत जाते. ‘फशी पडणे’ यात हेच चित्र आहे. नुसते ‘फसवला गेला’ म्हणून त्यातले निम्मेही येत नाही, कारण फशी पडणाऱ्याची स्वतःची ओढ त्यात सामील असते.

आता ‘दिली’ की ‘दिले’. या प्रश्नावर व्याकरणाची पुस्तके पुढे करणारे बहुतेक जण एका वाक्यात निकाल लावतात: फाशी स्त्रीलिंगी, म्हणून ‘फाशी दिली’, ‘फाशी दिले’ हे अशुद्ध. हा निकाल उथळ आहे. ‘फाशी दिले’ म्हणणारी माणसे लिंग चुकत नाहीत. त्यांच्या तोंडी एक जुनी सप्तमी, म्हणजे ‘कुठे’ हे सांगणारी विभक्ती, जिवंत आहे.

मराठीत जिवे मारण्याच्या शिक्षा कशा सांगितल्या जात ते आठवा. सुळी देणे. हत्तीच्या पायी देणे. तोफेच्या तोंडी देणे. विठोजी होळकरांना १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिले. ‘पायी दिली’ असे कोणी म्हणेल काय? सुळी, पायी, तोंडी ही सगळी सप्तमीची रूपे आहेत, घरी, दारी, हाती यांच्यासारखी. त्याच ओळीत ‘फाशी देणे’ ठेवा. फास या नामाची सप्तमी फाशी, म्हणजे फासाच्या ठिकाणी, फासाच्या स्वाधीन. मग क्रियापद नपुंसकलिंगीच येणार: त्याला फाशी दिले.

‘फास’ची सप्तमी ‘फासी’ व्हायला हवी, ‘फाशी’ कशी, असा आक्षेप लगेच येतो. दिवसाची सप्तमी काय होते? ‘त्या दिवशी.’ ई पुढे आली की स चा श होतो: म्हैस–म्हशी, कूस–कुशीत, वेस–वेशीवर. फास–फाशी त्याच नियमाने होते.

आणि सर्वांत पक्का पुरावा ‘फाशी जाणे’ हा आहे. ‘राजगुरू हसत फाशी गेले’ हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाला खटकत नाही. फाशी हे नुसते स्त्रीलिंगी नाम असेल, तर ‘शिक्षा गेले’, ‘दोरी गेले’ असेही चालायला हवे. ते चालत नाही. ‘घरी गेले’ चालते म्हणूनच ‘फाशी गेले’ चालते. काहींचे म्हणणे की इथे ‘वर’ गाळला आहे, मूळ रूप ‘फाशीवर गेले’. हे मला मुळीच पटत नाही. ‘वर’ लावायचा झाला तर रुळलेली मराठी म्हणते ‘फासावर गेले’, ‘फासावर चढवले’. ‘वर’ फासाला लागतो, फाशीला नाही, कारण फाशीत जागा आधीच सांगून झालेली असते. मोर्चांच्या फलकांवर आणि वाहिन्यांच्या पट्ट्यांवर रोज दिसणारे ‘फाशीवर लटकवा’ म्हणूनच कानाला टोचते. ते ‘घरीवर जा’ म्हणण्यासारखे आहे.

हिंदी ‘फाँसी’ हे सरळ स्त्रीलिंगी नाम आहे, हे मान्य. मराठीतही नाम आहेच: फाशी रद्द झाली, फाशी टळली, फाशीचा दोर. दक्षिणेकडे ठगांना फांसीगर म्हणत, तेव्हा फास कायद्याच्या हातचा नसून खुन्याच्या हातचा होता. माझे मत असे, की आपल्याकडे दोन शब्द एकमेकांत मिसळले: एक शेजारून आलेले नाम, दुसरी घरची सप्तमी. म्हणून ‘फाशी दिली’ आणि ‘फाशी दिले’ दोन्ही शुद्ध. ‘दिले’ खोडणाऱ्याने लेखणी खाली ठेवावी.

‘झाली’वर मात्र माझी खरी तक्रार आहे. ‘कोर्टाने फाशी दिली’, ‘आरोपीला फाशी झाली’ असे मथळे निकालाच्या दिवशीच झळकतात. न्यायालय फाशी देत नाही. ते शिक्षा सुनावते किंवा ठोठावते. फाशी देते तुरुंग प्रशासन, आणि या दोहोंमध्ये बरेच काही घडते. ओंबळे प्रकरणातच बघा. २६ नोव्हेंबर २००८च्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर, हातात फक्त लाठी असताना, ओंबळे यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःवर घेतल्या. त्यामुळे तो जिवंत हाती लागला. विशेष न्यायालयाने त्याला ३ मे २०१० रोजी दोषी ठरवले, ६ मे रोजी शिक्षा सुनावली. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात आणता येत नाही (तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३६६, आता नागरिक सुरक्षा संहितेचे ४०७). तो निकाल २१ फेब्रुवारी २०११चा. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी अपील फेटाळले, राष्ट्रपतींनी ५ नोव्हेंबरला दयेचा अर्ज फेटाळला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी सकाळी साडेसातला येरवडा कारागृहात त्याला फाशी देण्यात आले. ‘२०१० साली फाशी झाली’ हे वाक्य त्याला अडीच वर्षे आधीच मारते.

उलटेही घडते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात गावित बहिणींना २००१ मध्ये फाशी ‘झाली’. शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली, दयेचे अर्जही फेटाळले गेले. पण अंमलबजावणीला अक्षम्य विलंब झाला म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या शिक्षेची जन्मठेप केली. २००१ मध्ये ‘फाशी झालेल्या’ व्यक्ती २०२२ मध्ये जिवंत कशा, असे मुलांनी विचारले तर काय सांगणार? फाशी सुनावली, कायम केली, माफ केली, जन्मठेपेत बदलली, दिली. प्रत्येक टप्प्याला मराठीत वेगळे क्रियापद आहे, ते वापरावे. ‘मरेपर्यंत फाशी’तला ‘मरेपर्यंत’ही शोभेचा नाही. शिक्षा सुनावताना दोषीला मरेपर्यंत गळ्याने लटकवावे असे न्यायालयाने म्हटले पाहिजे, हे कायद्यातच लिहिले आहे.

राहिला ‘मृत्युदंड’. फाशीपेक्षा तो सोवळा म्हणून वापरणारे अर्थ बदलत आहेत, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. मृत्युदंड म्हणजे शिक्षा. फाशी हा तिचा एक प्रकार. लाहोरमध्ये १७ डिसेंबर १९२८ रोजी पोलीस अधिकारी साँडर्स मारला गेला. खटला चालून ७ ऑक्टोबर १९३० रोजी भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना शिक्षा सुनावली गेली. त्यानंतर या तिघांनी पंजाबच्या गव्हर्नरला लिहिले, की तुमच्याच न्यायालयाच्या निकालानुसार आम्ही युद्ध पुकारले आहे. तेव्हा आम्हांला युद्धकैदी माना, फासावर न देता गोळ्या घाला. मरण त्यांना मान्य होते, फास अमान्य होता. इथे फाशीच्या जागी मृत्युदंड घातला तर मागणीच उरत नाही. सरकारने ऐकले नाही. २३ मार्च १९३१च्या संध्याकाळी तिघे फाशी गेले. कसाब ‘फाशी गेला’ असे मात्र आपण सहसा म्हणत नाही, त्याला फाशी दिले म्हणतो. जाणे हे स्वतःच्या पायांनी असते, देणे दुसऱ्याच्या हाताने. हा भेद मराठी बोलणाऱ्यांनी कोणी न शिकवता पाळला आहे आणि शाळेच्या फलकावरही तो पाळावा.

तेव्हा फलकासाठी: ‘ओंबळे यांचा मारेकरी अजमल कसाब याला ६ मे २०१० रोजी फाशीची शिक्षा सुनावण्यात आली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आले.’ शेवटी ‘देण्यात आली’ केलेत तरी चालेल. ओंबळे यांचे पद ‘सहायक फौजदार’ असेच ठेवा. ‘हवालदार’ किंवा ‘पोलीस शिपाई’ असे अनेक ठिकाणी छापले जाते, ते चूक आहे. आणि त्यांना २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर प्रदान झालेल्या पदकाचे नाव अशोक चक्र. ‘शौर्य चक्र’ हे वेगळे पदक आहे.