बाळाची कातडी सोलवटतेय, दूध कमी पडतंय का?

पाच दिवसांचं बाळ मांडीवर घेऊन ती बसली आणि दुपटं उलगडायच्या आधीच बोलू लागली, "मॅडम, याची सालं निघतायत. माझं दूध पुरत नाहीये, म्हणून हा आतून कोरडा पडतोय ना?" सोबत सासूबाई होत्या. थोडं पाणी पाजून बघावं, असं त्यांचं म्हणणं.

त्वचेच्या काळजीआड दुधाची काळजी दडलेली मला बऱ्याचदा दिसते. म्हणून आधी बाळाला नीट पाहिलं. घोट्यांपाशी आणि मनगटाच्या वळ्यांत पातळ, पांढुरके पापुद्रे सुटले होते, पोटावर बारीक कोंडा. खालची त्वचा मऊ, नितळ. फक्त एका घोट्यावर लालसर ओरखडा होता. त्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "अर्धवट लोंबत होतं, ओढून काढलं."

बाळ एक्केचाळीस आठवडे पूर्ण करून जन्मलेलं. इथेच निम्मं उत्तर होतं. पोटात असताना बाळ गर्भजलात असतं आणि त्याच्या अंगावर पांढरा, लोण्यासारखा थर असतो. दिवस भरत येतात तसा तो थर कमी होत जातो. म्हणून उशिरा जन्मलेल्या बाळांची सालं जास्त निघतात, लवकर जन्मलेल्यांची कमी. बाहेरच्या कोरड्या हवेत कातडीचा वरचा जुना थर सुटतो, खालचा तयारच असतो. दोन-तीन आठवड्यांत हे आपोआप थांबतं.

दूध पुरतंय का, हे कातडी सांगत नाही. लघवी आणि वजन सांगतात. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा फिकट रंगाची लघवी व्हावी आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून यावं. या बाळाचे लंगोट त्याहून जास्त वेळा ओले होत होते. ते मोजून सांगताना तिचाच आवाज बदलला. सासूबाईंना म्हटलं, "आजी, पाण्याने इवलंसं पोट भरतं आणि दूध मागे पडतं. शिवाय जास्त पाण्याने रक्तातलं मीठ कमी होऊन बाळाला झटकेही येऊ शकतात. सहा महिने दूधच पुरे." त्यांनी मान डोलावली, पण लगेच विचारलं, "मग अंगाला काय लावायचं?"

आता खरा मुद्दा आला. बाळाला रोज दोनदा कढत पाण्याने, सुगंधी साबण लावून न्हाऊ घालत होते. वर खसाखसा पुसून पावडर. सालं जावीत म्हणून केलेल्या या खटपटीनेच त्वचा आणखी कोरडी पडत होती. माझ्या मते अशा वेळी नवीन क्रीम शोधण्याआधी हातच आवरायला हवा.

आठवड्यातून दोन-तीनदा आंघोळ पुरते. पाणी कोपराला कोमट लागेल इतपत आणि सगळं पाच-दहा मिनिटांत उरकायचं. एरवी तोंड, मानेच्या वळ्या आणि लंगोटाची जागा ओल्या मऊ कापडाने टिपून घ्यायची. अंग जरा ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मलम किंवा पेट्रोलियम जेली लावायची. पावडर नकोच, ती श्वासात जाते. ऑलिव्ह तेलही मी सुचवत नाही; त्यातल्या ओलेइक आम्लाने त्वचेचा संरक्षक थर सैल होतो. आणि सुटलेला पापुद्रा ओढायचा नाही, त्याखालची कातडी अजून कोवळी असते.

तिला काही खुणा लिहूनही दिल्या. भेगांतून रक्त किंवा पाणी येणं, पिवळी खपली, तीन-चार आठवड्यांनंतरही वाढत जाणारं सोलवटणं, यासाठी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. फोड आले, कातडीचे मोठे तुकडे निघाले, बाळ दूध घेईना, सुस्त पडलं किंवा ताप ३८ अंश सेल्सिअस वा त्याहून जास्त झाला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.

पुढे तिचा फोन आला तेव्हा पोट स्वच्छ झालं होतं, पावलांची सालं अजून निघत होती. पावलांना वेळ लागतो, असं मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "लागू दे. वजन भरलंय त्याचं."